शिकागोचा ठेका : पॉल बटरफील्ड ब्लूज बँडचा पहिला अल्बम, एका बँडवाल्याच्या कानाने

या अल्बमच्या मागच्या कव्हरवर छापलंय की रेकॉर्ड जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात वाजवा, तरच या बँडचा आवाज नीट कळेल. अमळनेरात लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवणारा माणूस हे वाचून हसणारच. आमच्याकडे आवाज वाढवायला कुणाच्या विनंतीची गरज पडत नाही, कमी करायला मात्र पोलीस यावे लागतात. पण छापलंय तर करून बघू म्हटलं. लग्नसराई संपलेली, ट्रॉली गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली. मिक्सर काढला, दोन टॉप लावले, पुण्याच्या भाच्याने पाठवलेली सीडी घातली आणि फेडर वर सरकवत गेलो.

छापणाऱ्याचं खरं आहे. हळू आवाजात हा अल्बम गिटारचा आणि माउथ ऑर्गनचा वाटतो. आवाज वाढवला की खालून ड्रम आणि बेस वर येतात, आणि मग कळतं की गाडी कोण ओढतंय. गेली साठ वर्षं या रेकॉर्डवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक माइक ब्लूमफील्डच्या गिटारवर. थोडं बटरफील्डच्या माउथ ऑर्गनवर. मी तरी हा अल्बम ड्रमवाला सॅम ले आणि बेसवाला जेरोम अरनॉल्ड या दोघांचा मानतो, आणि तसा तो ऐकला तर त्याच्यानंतर काय काय झालं आणि काय हुकलं, हेही उलगडतं.

आधी माणसं सांगतो. साल १९६५, गाव शिकागो, कंपनी इलेक्ट्रा. पॉल बटरफील्ड गातो आणि माउथ ऑर्गन वाजवतो. शिकागोचाच, चांगल्या घरातला गोरा मुलगा. लहानपणी पाश्चात्त्य शास्त्रीय बासरी शिकलेला, आणि तीही शिकागो सिंफनीतल्या वादकाकडे. फुंकेवरचा ताबा तिथून आला असणार, कारण त्याचा दम कुठे तुटत नाही. एल्विन बिशप दुसऱ्या गिटारवर. शिकागो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला स्कॉलरशिपवर आला आणि ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याच्या, नादाला लागला. ब्लूमफील्ड श्रीमंत बापाचा मुलगा, हॉटेलांना लागणारं सामान बनवण्याचा घरचा धंदा. मार्क नाफ्तालिन ऑर्गनवर, तो रेकॉर्डिंग चालू असताना येऊन मिळाला.

आणि मागे हे दोघं काळे वादक. सॅम ले जन्माने अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा, १९३५चा. अरनॉल्ड बेसवर. दोघंही हाऊलिन वुल्फच्या बँडमध्ये होते. वुल्फ म्हणजे शिकागोतलं केवढं मोठं नाव, त्याच्याकडून ही दोन माणसं बटरफील्डने जास्त पैसे देऊन आणली. हे वाचलं तेव्हा मी आमच्या मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे क्लॅरिनेट वाजवणारे, बँडचे मालक. ते म्हणाले, हे तर आपल्याकडे दर तुळशीच्या लग्नानंतर होतं. खरंच होतं. धुळ्याचा बँड पारोळ्याचा ढोलवाला पळवतो, चोपड्याचा बँड आमचा कॅसिओवाला नेतो. गाणारा कुणीही मिळतो. ठेका धरणारा माणूस हातचा गेला की अख्खा सीझन बसतो, म्हणून पळवायचाच असेल तर तोच पळवतात. जेमतेम विशीतल्या बटरफील्डला हे कळलं होतं, याचं मला सगळ्यात कौतुक वाटतं. बाकीची पोरं गिटारवाला शोधत हिंडतात.

पहिलं गाणं लागतं ‘बॉर्न इन शिकागो’. निक ग्रॅव्हनाइट्स या त्यांच्याच गावच्या दोस्ताने लिहिलेलं. गाणारा सांगतो, माझा जन्म शिकागोचा, १९४१चा, आणि बापाने सांगितलं की पोरा, बंदूक घेऊन ठेव. मग एकेक मित्र मेल्याची बातमी. तीन मिनिटंसुद्धा नाही पूर्ण. रडारड कुठेही नाही, ठेका तर नाचायचा आहे. आम्ही गोडाऊनमध्ये हे वाजवलं तेव्हा आमचे ढोलवाले आबा कोपऱ्यात दोऱ्या आवळत बसले होते. इंग्रजीचा आणि त्यांचा संबंध नाही. पहिल्या कडव्यातच मान वर करून म्हणाले, ‘‘हाऊ ढोलवाला आपला शे.’’ त्यांना गोरा-काळा काही माहीत नव्हतं. हात ओळखला.

तो हात काय करतो ते सांगतो, कारण अल्बमचं मर्म तिथे आहे. याला शफल म्हणतात. एका मात्रेचे तीन भाग पाडायचे, पहिला वाजवायचा, मधला गिळायचा, तिसरा वाजवायचा. धिं-ऽ-ना, धिं-ऽ-ना. आमच्या दादऱ्याच्या अंगाचंच काहीतरी, पण चार मात्रांच्या चौकटीत बसवलेलं. बहुतेक ड्रमर हे उजव्या हाताने झांजेवर धरतात आणि डाव्याने स्नेअरवर, म्हणजे साइड ड्रमवर, फक्त दुसरी-चौथी मात्रा मारतात. सॅम ले दोन्ही हातांनी शफल वाजवतो. उजवा वर तेच म्हणतो, डावा खाली तेच म्हणतो, आणि शिवाय दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर वजन पडतं ते पडतंच. त्याला डबल शफल म्हणतात, आणि तो या माणसाची ओळख होता. हे तो चर्चमध्ये शिकला, लोकांच्या टाळ्यांवरून आणि खंजिरीवरून. भजनी मंडळात टाळ आणि मृदंग यांच्यामध्ये जे चालतं ते एकट्याने दोन हातांत घेतलं तर काय होईल, असा तो प्रकार. ऐकायला सोपं, करायला बसलात तर डावं मनगट दहा मिनिटांत हात जोडतं. मला अजून नीट येत नाही. सीझन सुरू व्हायच्या आत यायला हवं असं ठरवलंय.

त्याच्याखाली अरनॉल्डचा बेस चालत राहतो. चालत राहतो हाच शब्द. चार मात्रांना चार पावलं, वर जातो, खाली येतो, कधी धावत नाही आणि कधी थांबत नाही. बारा आवर्तनांचा हिशोब त्याच्याकडे असतो. चार आवर्तनं षड्जावर, दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर, आणि शेवटची दोन घरी. ब्लूजचा बहुतेक कारभार याच बारांत चालतो. अल्बममधली गाणी एका साच्यातली वाटतात ती म्हणून. तक्रार म्हणून सांगत नाही, आमच्याकडेही एकाच ठेक्यावर अख्खी वरात देवळापर्यंत जाते.

आता माउथ ऑर्गन. आपल्याकडे हे वाद्य म्हणजे हिंदी सिनेमातला हिरो, जीप, डोंगरातला रस्ता आणि गोड सूर. बटरफील्ड ऐकून आमचे मास्तर चक्रावले. त्यांचा पहिला प्रश्न, पट्टी कोणती? कारण वाद्य एका पट्टीतलं आणि गाणं दुसऱ्या, हे त्यांच्या कानाला लगेच कळलं. त्यातली युक्ती अशी की पांढरी एकचा माउथ ऑर्गन घ्यायचा आणि पांढरी पाचमध्ये वाजवायचा. मग मुख्य सूर फुंकून न येता श्वास ओढून येतात, आणि ओढलेला सूर जिभेने आणि घशाने खाली वाकवता येतो. म्हणजे मींड काढता येते. शुद्ध गंधार आणि कोमल गंधार यांच्या मधली जी जागा आहे, पेटीवर नाहीच ती, तिथे हा माणूस उभा राहतो आणि हलत नाही. वर वाद्य आणि माइक दोन्ही हातांच्या ओंजळीत घट्ट धरून तो आवाज गिटारच्या अँप्लिफायरमध्ये सोडायचा. मग तो फाटतो, जाड होतो, जवळजवळ सॅक्सोफोनसारखा वाटायला लागतो. ही रीत लिटल वॉल्टरची. त्याने १९५२च्या सुमाराला शिकागोत माउथ ऑर्गनचं स्थानच बदलून टाकलं. आमच्या धंद्यात आवाज फाटला तर गिऱ्हाईक सुपारीतून पैसे कापतं, आणि हे लोक मुद्दाम फाडून वाजवतात, याची मास्तरांना भारी गंमत वाटली.

लिटल वॉल्टरची तीन गाणी या अल्बमवर आहेत असं म्हणायला हरकत नाही : ‘ब्लूज विथ अ फीलिंग’, ‘मेलो डाउन इझी’, ‘लास्ट नाइट’. मधलं विली डिक्सनने लिहिलेलं, पण गाजवलं वॉल्टरने. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सॅम ले वुल्फकडे येण्याआधी खुद्द लिटल वॉल्टरच्या मागे वाजवायचा. म्हणजे बटरफील्ड ज्याची नक्कल करतोय, तो मूळ माणूस ड्रमवाल्याने रोज रात्री पुढे उभा बघितलेला आहे. अशा संगतकारापुढे उभं राहून गायला धाडस लागतं, आणि गाणाऱ्याला खोटंही करता येत नाही. ‘ब्लूज विथ अ फीलिंग’मध्ये हे जाणवतं. चार मिनिटांहून मोठं गाणं, लय मध्यम. बटरफील्ड पहिली ओळ गातो, तीच पुन्हा गातो, आणि तिसरीत उत्तर देतो. जात्यावर दोघी बसल्या की पहिली ओळ एकीने म्हणायची, दुसरीने उचलायची आणि मग पुढे जायचं, ही पद्धत माझ्या आजीच्या पिढीपर्यंत आमच्याकडे होती, त्यामुळे ही रचना मला परकी वाटली नाही. ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा ले झांजेवरचं वजन किंचित वाढवतो. किंचितच. पण दुसरी ओळ त्यामुळे नुसती पहिलीची प्रत राहत नाही.

याच गाण्यात माझी ब्लूमफील्डबद्दलची तक्रारही आहे. गाणारा श्वास घ्यायला थांबला की हा भरतो. प्रत्येक वेळी. वाजवतो अप्रतिम, सूर सच्चा, बोटं भयंकर तयार, पण जागा रिकामी ठेवणं हेही वाजवणं असतं, हे त्या वयात त्याला मान्य नसावं. बावीस वर्षांचा होता. एल्विन बिशप उलट, मागे राहून दोन-तीन सुरांची टोचणी देत राहतो. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. मी घेतो.

‘थँक यू मिस्टर पूबा’ हे बिनशब्दांचं आहे, आणि अख्ख्या अल्बममध्ये मी सगळ्यात जास्त वेळा लावलेलं. इथे सगळे आळीपाळीने पुढे येतात, माउथ ऑर्गन, गिटार, ऑर्गन. कुणी लांबण लावत नाही. एकाचं संपता संपता दुसरा उचलतो, आणि मागचे दोघं लय जराही ढळू देत नाहीत. आमच्या पोरांना मी हे मुद्दाम ऐकवलं, कारण आमच्याकडे कॅसिओवाल्याने एकदा लांब तान सुरू केली की नवरदेव मांडवात पोचला तरी तो खाली येत नाही.

पुढचं ‘आय गॉट माय मोजो वर्किंग’ स्वतः सॅम ले गातो. शिकागोच्या ब्लूजचा बुजुर्ग मडी वॉटर्स, त्याने मोठं केलेलं गाणं. माझा आवडता माणूस गातोय म्हणून मी ते परत परत ऐकलं, पण नाही. गळा मोकळा आहे, उत्साह आहे, पण गाताना त्याचे हात सरळ रस्त्याने जातात. आणि मडी वॉटर्सकडे जो तोरा आहे, काहीच न करता समोरच्याला खुर्चीत बसवण्याचा, तो इथे नाही. त्याऐवजी धांदल आहे. सगळे मिळून जोर लावताहेत असं ऐकू येतं.

‘शेक युवर मनीमेकर’ आणि ‘लुक ओव्हर याँडर्स वॉल’ ही दोन्ही गाणी एल्मोर जेम्स या जुन्या ब्लूज गिटारवाल्याच्या वाटेवरची, वेगवान, छोटी. पहिल्यात गिटारच्या तारेवर नळी घासून काढलेला आवाज आहे. ‘अवर लव्ह इज ड्रिफ्टिंग’ त्यांचं स्वतःचं, संथ, बरं आहे. ‘लास्ट नाइट’ मला लांबलं. ‘स्क्रीमिन’ ब्लूमफील्डचं, बिनशब्दांचं, गिटार शिकणाऱ्यांसाठी खजिना.

‘मिस्टरी ट्रेन’वर थांबायला हवं. मूळ ज्युनिअर पार्करचं, १९५३चं. मग एल्व्हिस प्रेस्लीने गायलं. मी सुरत-भुसावळ लाइनवरचा माणूस. आमचं घर स्टेशनपासून लांब नाही आणि आजोळ भुसावळला, म्हणजे लोको शेडच्या सावलीत. आगगाडीवरच्या गाण्याची परीक्षा मला चांगली घेता येते. बहुतेक गाण्यांत गाडी नुसती शिट्टीपुरती असते. इथे माउथ ऑर्गन इंजिनाचा श्वास धरतो आणि ड्रम रुळांचे सांधे मोजतात, आणि लय पळतेय असं वाटत असताना प्रत्यक्षात ती तसूभरही पुढे सरकत नाही. हे फार कठीण. जोरात वाजवताना लय चढते, वरातीत तर हमखास चढते, कारण पुढे नाचणारे चढवतात. ले चढू देत नाही. बटरफील्डने हे गाणं पुढे आयुष्यभर बाळगलं. १९७६ साली ‘द बँड’ नावाच्या रॉक बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला तेव्हाही हेच गायला.

ही गाडी कुठून कुठे जाते, हे आम्हा खान्देशातल्यांना समजायला फार लांब जावं लागत नाही. मिसिसिपीच्या काठची काळी माती, कापूस, दुसऱ्याच्या शेतात अर्धेलीने राबणं. त्यांच्याकडे १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि इकडे खान्देशातल्या कापसाचा भाव आकाशाला भिडला. युद्ध संपलं तसा कोसळलाही. पुढे त्या शेतांतली माणसं आगगाडीत बसून उत्तरेला शिकागोत गेली, कारखान्यांत कामाला लागली. मडी वॉटर्स १९४३ साली असाच गेला. गावातलं गाणं शहराच्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून त्याला वीज जोडली. माझे आजोबा शेत सोडून प्रताप मिलमध्ये लागले होते, ते मात्र भजनच म्हणत राहिले.

हा अल्बम तीनदा केलाय, हे थोडक्यात सांगतो, कारण त्यातून निर्माता पॉल रॉथचाइल्ड किती हट्टी होता ते कळतं. पहिल्यांदा डिसेंबर १९६४ मध्ये स्टुडिओत रेकॉर्ड केलं. पसंत पडलं नाही, बाजूला ठेवलं. मग न्यूयॉर्कच्या कॅफे ओ गो गो या ठिकाणी लोकांसमोर वाजवून घेतलं. तेही टाकून दिलं. मग सप्टेंबर १९६५ मध्ये पुन्हा स्टुडिओ, आणि ऑक्टोबरात अल्बम बाजारात. पहिलं टाकून दिलेलं रेकॉर्डिंग १९९५ साली वेगळं प्रसिद्ध झालं, तेही मिळतं. पैसा घालून केलेलं काम दोनदा कचऱ्यात टाकणारा मालक मला माझ्या धंद्यात भेटलेला नाही. कव्हरवर सगळे उभे आहेत ते उदबत्त्या, जडीबुटी आणि तेलं विकणाऱ्या दुकानाच्या काचेसमोर. असं दुकान आमच्या बाजारपेठेतही आहे. फक्त त्याच्यासमोर इतक्या कडक कपड्यांत कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही.

खप काही मोठा नव्हता. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या खपाच्या यादीत तो १२३ क्रमांकाच्या वर चढला नाही. परिणाम मात्र भलताच झाला, आणि तो अल्बम निघायच्या आधीच सुरू झाला होता. जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हे वाजवायला गेले. तिथे लोकसंगीताचे मोठे जाणकार अॅलन लोमॅक्स यांनी यांची ओळख करून देताना टोमणे मारले, आणि त्यावरून लोमॅक्स आणि मॅनेजर अल्बर्ट ग्रॉसमन यांची धूळ खात मारामारी झाली. पुढच्या दिवशी लोकगीतांचा गायक म्हणून गाजलेला बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे ब्लूमफील्ड, ले आणि अरनॉल्ड होते. डिलनने काय केलं यावर लोकांनी पुस्तकं लिहिली. त्या रात्री मागे ड्रमवर कोण होतं, ते किती जणांना ठाऊक आहे?

इलेक्ट्रा ही १९५० साली सुरू झालेली, लोकगीतांच्या रेकॉर्डी काढणारी कंपनी. बटरफील्डच्या बँडमुळे तिला विजेच्या बँडचा हिय्या आला. १९६७ मध्ये डोअर्स या रॉक बँडचा पहिला अल्बम तिनेच काढला, आणि निर्माता हाच रॉथचाइल्ड. गोऱ्या आणि काळ्या वादकांनी मिळून एका बँडमध्ये रोज रात्री वाजवणं, तेही १९६५च्या अमेरिकेत, हे तर वेगळंच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिकडे काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. ले ज्या गावात जन्मला तिथे अशा बँडला पाणी प्यायला एक नळ मिळाला नसता.

विलायतेतही त्या वेळी हे चालू होतं, हे सांगायला हवं. रोलिंग स्टोन्सचा पहिला अल्बम १९६४चा, आणि जॉन मेयॉलबरोबरचा एरिक क्लॅप्टनचा १९६६चा. म्हणून सगळं श्रेय बटरफील्डला देणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण विलायतेतली पोरं रेकॉर्डी ऐकून शिकली, आणि बटरफील्डने ज्यांच्या रेकॉर्डी होत्या त्यांचीच माणसं शेजारी आणून बसवली. फरक ऐकू येतो.

१९६६ मध्ये हे सॅन फ्रान्सिस्कोला फिलमोर या सभागृहात वाजवायला गेले. तिथल्या नव्या बँडांनी यांची तयारी पाहिली आणि रियाज वाढवला. त्याच वर्षी दुसरा अल्बम आला, ‘ईस्ट-वेस्ट’. त्यातला शेवटचा तुकडा तेरा मिनिटांचा, आणि तो रवि शंकरांना ऐकून सुचलेला. त्याला ते लोक आपसात रागच म्हणायचे. आमच्या मास्तरांनी तो पूर्ण ऐकला आणि म्हणाले, एकाच षड्जावर बसून बराच वेळ छान बोलले, पण राग म्हणू नये. माझंही तेच मत. पण तोपर्यंत सॅम ले आजारपणामुळे बँडमधून गेला होता. त्याच्या जागी आलेला बिली डेव्हनपोर्ट उत्तमच, जॅझच्या हाताचा. लांब तुकड्यासाठी तोच योग्य. फक्त ते वजन गेलं.

आणि इथेच माझ्या मते पुढच्या लोकांनी चुकीचा धडा उचलला. ब्लूमफील्डचा वेग आणि ‘ईस्ट-वेस्ट’ची लांबी, या दोन गोष्टी सगळ्यांनी घेतल्या. पुढची दहा वर्षं गिटारवाले वीस-वीस मिनिटं वाजवत राहिले. हा पहिला अल्बम मात्र दोन मिनिटं, तीन मिनिटं, फार तर साडेचार मिनिटांच्या गाण्यांचा आहे. अकरा गाणी, पाऊण तासाच्या आत खेळ खलास. यातली शिस्त कुणी फारशी उचलली नाही. १९६९ साली मडी वॉटर्सने बटरफील्ड आणि ब्लूमफील्डला घेऊन ‘फादर्स अँड सन्स’ हा अल्बम केला, तेव्हा ड्रमवर कुणाला बसवलं? सॅम लेला. बुजुर्गांना कळत होतं.

बटरफील्ड १९८७ मध्ये गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. ब्लूमफील्ड त्याच्याही आधी, १९८१ मध्ये, सदतिसाव्या. दोघांच्याही मागे नशेची गोष्ट आहे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडला २०१५ साली घेतलं. सॅम ले २०२२ पर्यंत जगला.

विकत घ्यायचा तर कुठून, हे तुम्ही बघा. फोनवर कुठेही मिळतो. पण फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बेस येतच नाही आणि मग तुम्हीही गिटारवर निबंध लिहाल. हेडफोन घ्या, नाहीतर कुणा साउंडवाल्याशी दोस्ती करा. सुरुवात ‘थँक यू मिस्टर पूबा’ने करा, मग ‘मिस्टरी ट्रेन’, मग पहिल्यापासून. ऑक्टोपॅड घेऊन नवीन शिकणाऱ्या पोरांनी गिटार आणि गाणं कानाआड करून फक्त झांज ऐकावी, एका गाण्याला एक आठवडा द्यावा.

पाचपैकी चार. अर्धा गुण ‘मोजो’चा कापला, अर्धा ब्लूमफील्डने न सोडलेल्या जागांचा. मास्तर म्हणतात मी ड्रमवाला असल्यामुळे गिटारवर राग काढतोय. त्यांनी क्लॅरिनेटवर ‘बॉर्न इन शिकागो’ची सुरावट बसवायला घेतलीय, आबांचा ठेका तयार आहे, फक्त नवरदेवाच्या बापाला गाण्याचे शब्द सांगायचे नाहीत असं ठरलंय.